तोकुजींच्या छातीतली टकटक

मी एक जुनी झडप आहे. दाराखिडकीची नव्हे, माणसाच्या हृदयातली. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. अकरा वर्षं एका हट्टी म्हाताऱ्याच्या छातीत काढली की कुणाचीही जीभ कडू होईल.

कारखान्यात कार्बनच्या दोन काळ्या पाकळ्या घासून घासून गुळगुळीत केल्या, कडीत बसवल्या आणि मी तयार झाले. जपानमधल्या मितो शहरातल्या इस्पितळात मला तोकुजींच्या हृदयात शिवलं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "ही झडप परकी. रक्त हिच्यावर गोठायला बघणार. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर गुठळी. आणि नातो बंद! एक दाणासुद्धा नाही. तो खाल्ला की गोळीचं काही चालत नाही."

आता आली का पंचाईत! तोकुजींचा धंदाच नातोचा. सोयाबीन उकडायचे, भाताच्या पेंढ्यात आंबवायचे, चिकट तारा सुटल्या की विकायचे. तीन पिढ्या त्यांच्याकडे पहिली पेंढी मालकानं चाखल्याशिवाय माल बाहेर पडत नाही.

बायको मिसाओ ओसाकाची, तिकडे नातो फारसं कुणी खात नाही. तिला नातोच्या वासानंच मळमळायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, बाईंनी तो जिभेला लावला नाही. माझा तर तिला भारी राग. पाकळ्या मिटताना टक् आवाज होतो ना, त्याचा! "नवरा आहे की भिंतीवरचं घड्याळ?" म्हणून ती पलीकडच्या खोलीत झोपायची. सकाळी चहा ओतताना पहिलं वाक्य ठरलेलं, "मेलं वाजतंय अजून." मलाही ती बाई अजिबात आवडायची नाही.

दहा वर्षं तोकुजींऐवजी त्यांच्या भावानं माल चाखला. मागच्या वर्षी तो वारला, आणि आमचे मालक चोरून चाखू लागले. एका दाण्याची वाटी झाली. वर शहाणपण असं, की नातो जास्त खाल्ला म्हणून गोळीही मनानंच वाढवली. एक दिवस नाकातून रक्ताची धार लागली, थांबता थांबेना. घाबरून मग गोळ्याच बंद. नातो मात्र चालू! डॉक्टरीणबाईंना एका शब्दानं विचारलं नाही.

माझ्या बिजागरीत रक्ताची गुठळी धरली. एक पाकळी अडली. मी जीव खाऊन ढकलत होते आणि करंट्याला शिव्या देत होते.

न्याहारीला सूप वाढता वाढता मिसाओ थबकली. "अहो, टकटक का ऐकू येत नाही?"

"तुला शांतता हवी होती ना? घे," तोकुजी धापा टाकत म्हणाले.

तिनं त्यांच्या छातीला कान लावला. मग तोंडाचा वास घेतला. "नातो खाल्लात!"

"मालकानं नाही चाखायचं तर कुणी?"

"मग मरा!" ती किंचाळली आणि त्याच दमात फोनवर धावली.

इस्पितळात गुठळी विरघळवायचं औषध दिलं. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे ऐकूनही मिसाओनं कागदावर सही केली. सहा तासांनी माझी पाकळी सुटली.

मित्रांनो, माझं कौतुक नको, पूजा नको. गोळी ठरल्या वेळी घ्या, ती मनानं वाढवू नका, मनानं सोडू नका, रक्त तपासून घ्या. आवाज बदलला तर धावा. एवढंही जमत नसेल तर माझ्यासारखीला छातीत घेऊच नका.

घरी आल्यावर पहिली पेंढी उघडली, तसा तोकुजींचा हात पुढे सरसावला. मिसाओनं त्यावर फटका मारला. नाक दाबलं आणि घास स्वतःच्या तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं.

"शी! कुजका मोजा चावल्यासारखं लागतंय!"

"म्हणजे जमलाय," तोकुजी म्हणाले. "जाऊ दे माल बाहेर."

ती पेलाभर पाणी घटाघटा प्यायली. मग वाकून त्यांच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"मेलं वाजतंय अजून," ती म्हणाली आणि रडायला लागली.