साहेबांचे दोन कान

शेकायची पिशवी, गळकी.

अर्धा डबा हिरवा रंग.

आई म्हणते, "परवापासून मला जगात फक्त चपला दिसतायत."

"नाकाचं काम नाजूक असतं, साहेब."

थांबा, जुळवून सांगते. मी पेन्शन कचेरीतली चित्रकार. कचेरी जरा हसरी दिसावी म्हणून वर्षभरासाठी घेतलेली, आणि आज शेवटचा दिवस; उरलाय तो अर्धा डबा रंग. कचेरीत खिडकी एकच: लाकडी फळीत कापलेलं भोक, तेही इतकं खाली की म्हाताऱ्या माणसांनी कंबरेत मोडून त्यात तोंड घालायचं. परवा माझी आई वाकली. ती अजून वाकलेलीच आहे, घरी कंबर शेकतेय.

खिडकी वर घ्या, असं साहेबांना वर्षभर सांगितलं.

"बाई, तुम्ही भिंती रंगवा. खिडकी बांधकाम खात्याची."

"बरं. मग जाता जाता तुमचं चित्र काढू?"

साहेब फुलले. भांग पाडून आले. "कुठे बसू?"

"बसू नका. उजेड बाहेर आहे, रांगेच्या जागी. तिथून भोकात चेहरा धरा. चौकटीत रुबाब येतो."

साहेब वाकले. मी आत, कारकुनाशेजारी, कागद घेऊन. कान काढले. सावकाश काढले.

"झालं?"

"एक झाला."

मागून एक आजी म्हणाल्या, "पहिल्यांदाच आलात वाटतं? गुडघे सैल सोडा हो, कळ कमी लागते."

"आणि शिंकू नका," त्यांच्यामागचे आजोबा म्हणाले. "मी शिंकलो होतो."

दुसरा कान संपवून मी नाकाचं काम किती नाजूक ते सांगतेय तोच साहेब ओरडले, "मेलो! अडकलो! अरे, खुर्ची द्या!"

कारकुनाने मानही वर केली नाही. हात आपोआप हलला. "रांगेने या."

मग काय! रांग हसली, शिपाई भिंतीला धरून हसला, कारकुनाला कळलं तसा तो टेबलाखाली गेला. साहेबही हसले, हसल्याने आणखी कळ आली, म्हणून आणखी ओरडले.

"सुताराला बोलवा!"

"पण बांधकाम खातं..." मी म्हटलं.

"खड्ड्यात गेलं खातं!"

भुसा उडाला. भोक वर गेलं. कारकुनाला उंच स्टूल मिळालं, आता पाय हलवत बसलाय. मी आईला फोन केला: "उद्या ये, ताठ उभी राहून बोल."

"अगं, आधी ताठ होऊ तर दे!"

खिडकी पहिल्यांदा कापली तेव्हा सुताराने उंची घेतली होती ती खुर्चीत बसलेल्या कारकुनाच्या तोंडाची.