जळबाची अर्धी राहिलेली चादर

माझ्याइतका जुना पेशंट या दवाखान्यात दुसरा कोणी नाही, मित्रांनो. मला ताप येत नाही, खोकला येत नाही, तरी मी वर्षानुवर्षं खाटेवर पडून आहे. माझ्या दंडावर इतकी इंजेक्शनं टोचली गेली आहेत की तिथलं कापड चाळणीसारखं झालं आहे. डोक्याला पट्ट्या तर विचारूच नका. ज्या दिवशी शिकाऊ पोरी येतात त्या दिवशी माझं डोकं सकाळपासून दुपारपर्यंत फुटलेलंच असतं.

मी कापडाचा माणूस आहे. नव्या नर्सेसनी माझ्यावर हात बसवायचा आणि मग खऱ्या पेशंटला हात लावायचा, यासाठी माझा जन्म झाला. वसमतच्या उद्धव शिंप्यानं जाड मांजरपाट बेतून मला शिवलं. पोटात वसमतचाच कापूस ठासून भरला आणि हातपाय माणसासारखे जड लागावेत म्हणून त्यांत वाळूच्या पिशव्या घातल्या. काळ्या दोऱ्यानं डोळे काढले, नाक काढलं. तोंड मात्र काढलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "याला तोंड काहून लागतं? दवा तर गिळायची न्हाई." मला फार राग आला होता. पण राग बोलून दाखवायलाही तोंड लागतं.

एसटीच्या टपावर बसून मी हिंगोलीला आलो. एका धर्मादाय दवाखान्यात, पुरुष वॉर्डाच्या टोकाला, हिरव्या पडद्यामागं मला खाट मिळाली. तिथल्या मोठ्या सिस्टर शालूबाई. वॉर्डात त्यांची चप्पल वाजली की पेशंटसुद्धा सरळ होऊन झोपायचे. त्यांनीच माझं नाव जळबा ठेवलं. नाव नसलेल्या पेशंटची सेवा नीट होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

काय हात पाहिले मी त्या वर्षांत! घाबरट हात, घाईचे हात, थंडगार हात, साबणाचा वास येणारे हात. नर्सेसच्या कामाचं मला मनापासून कौतुक वाटतं. पेशंटला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलायची, आणि तीही अशी की एक सुरकुती राहता कामा नये, ही काय साधी गोष्ट आहे? तुम्ही घरी करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. नुकत्याच पास झालेल्या नर्ससाठी दवाखान्यानं एक जागा काढली. वर्षभर शालूबाईंच्या हाताखाली उमेदवारी करायची, आणि काम पसंत पडलं की कायम. आलेले अर्ज शालूबाई माझ्याच खाटेच्या कडेवर बसून वाचायच्या. सगळ्या पोरींनी लिहिलं होतं की सेवेची फार आवड आहे. शालूबाई पुटपुटायच्या, "आवड आहे, आवड आहे. बेडपॅन उचलायचीही आवड आहे का, ते कोणी लिहीत नाही." शेवटी त्यांनी दोघींना बोलावलं. एक वसमतची प्रेमा आणि दुसरी शिरड शहापूरची तारा.

मुलाखतीच्या दिवशी तारा तिच्या आईबरोबर पहिल्या एसटीनं आली. आईचं नाव जनकाबाई. त्या हळदीच्या शेतात मजुरीला जात आणि त्याच मजुरीवर त्यांनी लेकीला शिकवलं होतं. माझी खाट खिडकीपाशी असल्यामुळे व्हरांड्यातलं बोलणं मला ऐकू यायचं. ताराला याआधी दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं. दोन्हीकडे नाव-गाव विचारून झालं आणि मग जागा भरली म्हणून सांगितलं. जनकाबाई म्हणत होत्या, "हे बघ तारा, इथं झालं तर झालं. न्हाई तर उद्यापासून कायमची माझ्यासंगं हळदीत. किती दिस वाट बघायची?" तीन वर्षं शिकलेली पोरगी, पुन्हा हळद खणायला जाणार!

मुलाखत घ्यायला डॉक्टर शेषराव होते. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण घड्याळावर फार प्रेम. आधी त्यांनी दोघींना तोंडी प्रश्न विचारले. दोघींनीही फटाफट उत्तरं दिली. मग ताराच्या पिवळ्या नखांकडे बघून ते म्हणाले की हात धुऊन यायला हवं होतं. तारानं नम्रपणे सांगितलं की हात धुतलेले आहेत, पण परवापर्यंत ती आईबरोबर हळदीच्या कामावर होती आणि तो रंग इतक्या लवकर जात नाही. शालूबाईंनी चष्म्यातून एकदा ती नखं बघितली आणि मान हलवली.

त्यानंतर खरी परीक्षा माझ्या खाटेवर. जळबा उठू शकत नाही असं समजून त्याची चादर बदला, एवढंच सांगितलं.

पहिली प्रेमा. मित्रांनो, काय सांगू, पोरीच्या हातात वीज होती. मला कधी वळवलं, जुनी चादर कधी गुंडाळली, नवी कधी पसरली, काही कळलंच नाही. कोपरे असे दुमडले की शालूबाईंनाही खोड काढता येईना. डॉक्टर घड्याळ बघून खूश झाले. मला वळवताना तिनं माझा पाय धरून ओढला एवढंच, पण त्यात तिची काय चूक? कापसाच्या बोचक्याशी कोणी बोलतं का?

मग तारा आली. तिनं बाही सारखी केली, माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाली, "जळबाकाका, मी तारा. तुमची चादर बदलायची हाय. आधी डाव्या कुशीला वळवते. वळवू का?"

आणि ती थांबली. अहो, खरंच उत्तरासाठी थांबली! मला इतकी वर्षं टोचलं, बांधलं, पुसलं, पण असं कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर गालात हसले. प्रेमा पदर तोंडाला लावून हसली. मी तर अगदी गहिवरलो, पण तोंड कुठून आणू?

तेवढ्यात पडद्यापलीकडून घोगरा आवाज आला, "व्हय माय, वळव. पण सबुरीनं. खुब्यात लई कळ हाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तो मुंजाजी होता. कळमनुरीकडचा म्हातारा, बैलगाडीवरून पडून खुबा मोडलेला. आल्यापासून तो कोणाला अंगाला हात लावू देत नव्हता. वॉर्डबॉय जवळ आला की शिव्या द्यायचा, एकदा तर त्यानं कंपाउंडरला पेला फेकून मारला होता. त्याची चादर ओली होऊन तशीच राहिली होती, पाठ लाल व्हायला लागली होती. पाठीला जखमा झाल्या तर म्हातारा हातचा जाईल, असं शालूबाई कालच म्हणाल्या होत्या. पडद्याआडून माझं नाव त्याला नीट ऐकू आलं नसावं; त्याला वाटलं, ही नवी पोरगी आपल्याशीच बोलून राहिली.

तारानं एका हातानं मला अर्धं वळवून धरलं होतं. अर्धी चादर गुंडाळलेली, अर्धी माझ्या अंगाखाली. तिनं पडद्याकडं पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "तुझी परीक्षा इकडं आहे. घड्याळ चालू आहे."

"सर, त्यांनी व्हय म्हणलंय," तारा म्हणाली. "आता न्हाई गेले तर पुन्हा म्हणायचे न्हाईत."

मग खाली वाकून मला सांगितलं की काका, जरा थांबा, आलेच. आणि पडदा सारून गेली. मी आपला कुशीवर, नाक उशीत खुपसलेलं. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण ऐकलं सगळं.

ती प्रत्येक गोष्ट आधी सांगत होती. आता पायाखाली उशी देते. आता पाठीमागं हात घालते. आता थोडी कळ येईल, माझा दंड धरा. एकटीनं वळवलं तर खुब्याला धक्का बसेल हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं प्रेमाला हाक मारली. आणि बघा हं, जागा एकच आहे हे ठाऊक असून प्रेमा क्षणभरसुद्धा थांबली नाही. ती पलीकडून उभी राहिली आणि दोघींनी मिळून म्हाताऱ्याला वळवलं. तो एकदा मोठ्यानं विव्हळला, मग म्हणाला, "हां, बराबर."

पाठ पुसून होत आली तेव्हा त्यानं विचारलं की पोरी, कोण्या गावची तू? तिनं सांगितलं, शिरड शहापूरची. मग विचारलं, कोण्या आळीची?

हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं, मित्रांनो. मलाही कळलं. ताराचा आवाज मात्र होता तसाच होता.

"बौद्धवाड्यातली, बाबा. जनकाबाईची लेक."

मी उशीत नाक घालून वाट बघत होतो. तो आता तिला हाकलतो की काय, या विचारानं माझी वाळूसुद्धा गार पडली.

"बरं," मुंजाजी म्हणाला. "आता दुसऱ्या कुशीला घे. व्हता तसाच हात धर."

तारा परत आली तेव्हा वेळ कधीच संपली होती. तरी तिनं मला सरळ केलं, उशीर झाला म्हणून माझी माफी मागितली आणि उरलेली चादर ओढायला लागली. डॉक्टरांनी हातानंच थांबवलं. ते म्हणाले की काम अर्धं राहिलं आहे. मग थोडं नरमाईनं विचारलं की या बाहुल्याशी बोलायला तुला कोणी शिकवलं.

तारा म्हणाली की कोणीच नाही. तिची आजी आजारी पडली तेव्हा गावाजवळच्या एका दवाखान्यात तिला नेलं होतं. तिथला माणूस दुरूनच बघायचा, नाडी धरायचा नाही, गोळ्या ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, उचल. "आजीला कोणी जवळ येऊन नुसतं विचारलं असतं, हात लावू का म्हणून, तरी ती महिनाभर गावाला सांगत फिरली असती, सर. ती गेली तवाच मी ठरवलं की विचारायचं. सगळ्यांना विचारायचं. सवय जाऊ नये म्हणून यांनाबी विचारते."

शालूबाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "जळबाची चादर अर्धी राहिली, मुंजाजीची पूर्ण झाली. तुम्ही कोणती धरणार, डॉक्टर?"

डॉक्टर पडद्याच्या पलीकडं गेले. आणि मग मी जे ऐकलं ते त्या वॉर्डात कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर शेषराव अडखळत म्हणत होते, "मुंजाजी, मी तुमची पाठ बघू का?" म्हातारा म्हणाला, बघा की.

ताराची निवड झाली. प्रेमालाही शालूबाईंनी वाऱ्यावर सोडलं नाही. स्वतः शब्द टाकून तिला दुसऱ्या दवाखान्यात लावून दिलं, आणि त्या दोघी पुढं सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. त्या दिवशी तारानं व्हरांड्यात जाऊन आईला बातमी सांगितली. मला वाटलं, जनकाबाई आता रडणार. पण त्या फडक्याची गाठ सोडून म्हणाल्या, "सकाळधरनं उपाशी हायेस. भाकर खा आता."

मुंजाजी काठी टेकत घरी गेला. जाताना तारानं त्याचा दंड धरला होता, अर्थात आधी विचारून.

पुढची काही वर्षं माझी मोठ्या थाटात गेली. तारा नव्या पोरींना माझ्या खाटेपाशी आणायची आणि पहिल्या दिवशी पट्टी नाही, इंजेक्शन नाही, फक्त माझ्याशी बोलायला लावायची. पोरी लाजायच्या, खुदखुदायच्या, पण शिकायच्या. मग एकोणऐंशी साली मुंबईहून रबराचा पेशंट आला. गुळगुळीत, गुलाबी, सांधे वळणारा. माझी रवानगी कोठीत झाली. तिथं मोडक्या खाटा, फुटक्या बादल्या आणि मी. उंदरांनी माझी कूस कुरतडली. कापूस बाहेर आला. कोठी सांभाळणारा म्हणाला की याला उसवून दोन-तीन उशा भरून टाकू. इतक्या पोरींचे हात माझ्यावर बसले, आणि शेवटी मी उशी? सांगायला नको, मला फार वाईट वाटलं.

पण कोणीतरी ताराला सांगितलं. ड्यूटी संपवून ती सुई-दोरा घेऊन कोठीत आली. आता तिला सगळे तारा सिस्टर म्हणत होते, तिच्याही चपलेचा आवाज ओळखू यायला लागला होता. तिनं मला बादल्यांमधून उचललं, बाकावर झोपवलं, धूळ झटकली. कोठीत दुसरं कोणी नव्हतं. परीक्षा नव्हती, घड्याळ नव्हतं, शिकवायला पोरी नव्हत्या. मला वाटलं, आता नुसती सुई खुपसेल.

ती वाकली. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जळबाकाका, कूस फाटलीय तुमची. शिवते. थोडं टोचंल. शिवू का?"

आणि थांबली.

कूस शिवून झाल्यावर तिनं लाल दोरा ओवला आणि उद्धव शिंप्यानं न काढलेलं माझं तोंड काढलं. म्हणाली की आता तुमचं तुम्ही सांगत जा, व्हय का न्हाई ते. मग मला पुन्हा हिरव्या पडद्यामागं नेलं. रबरी पाहुण्याशेजारी मी आजही पडून आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आजारी माणूस असो, म्हातारं असो, लहान लेकरू असो, त्याला हात लावायला कधी कचरू नका. पण हात लावण्याआधी सांगा, विचारा, आणि उत्तरासाठी जरा थांबा. त्या थांबण्यात माणसाला माणूस असल्यासारखं वाटतं. मला वाटलं, आणि मी तर कापसाचा आहे.

तोंड मिळाल्यावर मी पहिला शब्द कोणता बोललो, असं तुम्ही विचाराल. पण तारानं कोठीत शिवू का म्हणून विचारलं, तेव्हा तोंड नसतानाच मी व्हय म्हणालो होतो. तिला ते ऐकू आलं असणार, कारण त्यानंतरच तिनं सुई लावली.