दुपारची मंडळी

अमळनेरच्या तार ऑफिसातून पितांबरनाना रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांची बायको गेली. मुलानं त्यांना दीपनगरला आपल्या क्वार्टरमध्ये आणलं. मुलगा वीज केंद्रात पाळीवर. रात्रपाळी करून आला की दिवसभर झोपायचा. त्यामुळे घरात रेडिओ लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. सून प्रमिला बोलायची तीसुद्धा कुजबुजत. जन्मभर तारेवरून गावोगावच्या लोकांशी बोललेल्या माणसाला हे मुकेपण फार जड जाऊ लागलं.

मग नानांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं, म्हणजे घरून बिनतारी बोलायचं लायसन काढलं. गच्चीवर तार ताणली, सेट जमवला आणि मोर्सची टिकटिक करायची 'की' खिडकीजवळच्या टेबलावर बसवली. कानाला हेडफोन असल्यावर कुणाची झोप मोडायचा प्रश्नच नव्हता.

दुपारी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर दोघं हमखास भेटू लागले. घरीच सेट जोडणारा धुळ्याचा नासीर आणि जळगावचा कौतिक. इंग्रजी अक्षरांत मराठी बोलणं चालायचं. मोर्सवाल्यांत रीतच अशी, की समोरचा वीस वर्षांचा असो की सत्तरचा, त्याला 'ओएम' म्हणायचं, म्हणजे म्हातारबा. नासीर नानांनाही तसंच म्हणायचा. नानांचा हात जरा अडखळला की लगेच टोमणा यायचा, "ओएम, भरीत जास्त झालं का? झोप येतेय?" आणि मागोमाग हसण्याची खूण. नानाही सोडत नसत. अँटेना कशी ताणावी यावरून तिघांची भांडणं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू व्हायची. वय कुणी विचारलं नाही, नानांनी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे; तसा विषयच कधी निघाला नाही.

हिवाळ्यात कौतिकनं कळवलं, जळगावला सगळ्या हौशी मंडळींचा मेळावा आहे, यायचंच. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला, डोक्यावर नवी टोपी ठेवली आणि भुसावळहून एसटी धरली.

हॉलच्या दारात दोन पोरं उभी होती. एक अंगानं हडकुळा, बोटांवर सोल्डरिंगचे चटके. तो नासीर असणार, हे नानांनी बघताक्षणी ओळखलं.

"काय रे, भरीत खाऊन आलास का?" नाना हसत म्हणाले.

पोरग्यानं वळून पाहिलं. मग त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही... दीपनगरचे? या अल्लाह! नाना, माफ करा. मी काय काय बोललो तुम्हाला!"

"अरे, मग काय झालं?"

पण तोवर दुसरा, म्हणजे कौतिक, खुर्ची आणायला धावला होता. नानांना पहिल्या रांगेत बसवलं. चहा जागेवर आला. कुणीतरी व्यासपीठावरून त्यांचं नाव घेतलं, शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजल्या. नासीर आणि कौतिक मागं खिडकीपाशी पाच-सहा जणांच्या घोळक्यात खिदळत उभे होते. शाल सावरत नाना त्यांच्याकडं गेले. हसणं थांबलं. सगळे सरळ उभे राहिले.

"काही हवं का, नाना?" नासीरनं विचारलं.

"नाही," नाना म्हणाले, "असाच आलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी नासीरनं हाक दिली ती सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, नवशिक्याला देतात तशी. तब्येत विचारली. अँटेनाचा विषय नानांनीच काढला, मुद्दाम उलटं बोलले. "तुम्ही म्हणता तसंच असेल, नाना," उत्तर आलं. नानांनी मग दोन शब्द जाणूनबुजून चुकवले. वाट पाहिली. नासीरनं ते बिनबोभाट समजून घेतले.

"पहिल्यासारखं बोल ना," शेवटी नानांनी कळवलं.

 मग, "तेव्हा माहीत नव्हतं, नाना. आता जीभ रेटत नाही."

हळूहळू दोघं कमी येऊ लागले. शाळेत हजेरी लावावी तसं यायचे, खुशाली विचारायचे आणि जायचे.

होळीच्या सुमाराला एकदा नाना सहज बटण फिरवत होते. नेहमीच्या फ्रिक्वेन्सीच्या जरा वर ओळखीचा हात कानावर आला. नासीरच तो, पूर्वीच्याच धावत्या चालीचा. कौतिकला झोडपत होता. मधे कुणी तिसराही नवा होता. शिव्या, टोमणे, हसण्याच्या खुणा, काही विचारू नका. नानांना हसू फुटलं. बोटं कीवर गेली. एक हाक दिली असती तर तिघांनीही मानानं जागा करून दिली असती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

त्या दिवसापासून ते तिथंच ऐकत बसू लागले.

एकदा चहा ठेवताना प्रमिलानं हळूच विचारलं, "नाना, हल्ली तुमची टिकटिक ऐकू येत नाही. मित्र येत नाहीत का? आहेत ना सगळे?"

नानांनी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली.

"शेतस ना," ते अहिराणीत म्हणाले. "बठ्ठा शेतस."

आणि हेडफोन पुन्हा नीट बसवून घेतला.