तपकिरी खडूची धास्ती

मी तपकिरी मेणखडू. बोलताना आवाज थरथरला तर समजून घ्या, जन्मापासून मी भित्राच आहे.

कारखान्यात वितळलेलं मेण साच्यात ओतलं, तेव्हा अंगाची लाही लाही झाली. गार झालो, तर लगेच कागदाचा अंगरखा चढवून बारा जणांच्या पेटीत कोंबलं. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला काळा. लाल मोठ्या ऐटीत असायचा. माझ्या मनात मात्र एकच धाकधूक, मोडलो तर? मेणखडूचा जीव तो केवढा!

पेटी एका शाळेत आली, पहिलीच्या वर्गात. वर्गाच्या बाईंनी ती खिडकीजवळच्या बाकावर ठेवली. तिथे सहा वर्षांची एक मुलगी बसायची. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिचे बाबा पावाच्या भट्टीवर कामाला होते. भट्टीमागच्या बोळात एक कुत्रा तिच्या अंगावर धावून आला होता आणि उजव्या हाताला, अंगठ्यापाशी कडकडून चावला होता. जखम भरली, टाके निघाले, पण मूठ काही उघडेना. तो हात ती सदा डाव्या काखेत दडवून बसायची. जेवण डाव्या हातानं, बटणं आईकडून.

"डॉक्टर म्हणाले, बोटं हलली नाहीत तर कायमची आखडतील," तिच्या आईनं बाईंना सांगितलं, तेव्हा मी पेटीत होतो.

मुंगीनं पेन्सिलच धरावी हा हट्ट बाईंनी सोडला. रोज पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाला चित्रं रंगवायला दिली. पहिल्या दिवशी मोठमोठे फुगे. बऱ्याच वेळानं मुंगीचा हात काखेतून बाहेर आला. लाल खडू तिनं मुठीतच आवळला आणि असा दाबला की कागद टरकन फाटला. लालची ऐट तिथेच उतरली.

शेजारची मुलगी खिदळली, "बाई, हिचा रंग रेषेच्या बाहेर गेला!"

"गेला असेल फिरायला," बाई म्हणाल्या. "येईल घरी."

आणि खरंच, हळूहळू रंग घरी यायला लागला. दोन-तीन आठवड्यांत रेषेपाशी आला की मुंगीचा हात थबकायचा, वळायचा. जीभ दातात धरून ती पंधरा मिनिटं जागची हलायची नाही. दार वाजलं की दचकणारी ही पोर, रंगवताना तिचा श्वास कसा संथ चालायचा. मी इतका जवळ होतो, मला ऐकू यायचा.

पण मला ती शिवायची नाही. झाडाचं खोड जांभळं, घोडा हिरवा, माती निळी! पेटी उघडली की आधी मला पालथा घालायची. एके दिवशी तर मला उचलून कपाटाखाली भिरकावलं.

कपाटाखालचे ते दोन दिवस! अंधार, जळमटं, माझ्यावरून चालणाऱ्या मुंग्या. तिसऱ्या दिवशी सफाईवाल्या मावशींचा झाडू आला आणि मी कचऱ्याबरोबर सुपलीत. संपलं, म्हटलं.

"अहो मावशी, थांबा थांबा!" बाईंनी मला वर उचललं, पुसलं आणि मुंगीसमोर धरलं. "हा का गं नको तुला?"

मुंगीनं मान फिरवली. मग पुटपुटली, "तो तसलाच आहे."

"कोण?"

"कुत्रा."

चावल्यापासून तो शब्द तिच्या तोंडून प्रथमच निघाला होता. तेव्हा कुठे मला कळलं, तो कुत्रा माझ्याच रंगाचा होता. जन्मभर मी सगळ्यांना भ्यालो, आणि इथे कुणीतरी मलाच भीत होतं! आनंद कसला, जास्तच धडकी भरली.

पुढच्या आठवड्यात पालकांना बोलावलं होतं. बाबा भट्टीवरून तसेच आले, कोपरापर्यंत पीठ. "बाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण हात बरा करायचा सोडून पोरगी चित्रंच रंगवतेय. रंगवून कुणाचं भलं झालंय?"

बाईंनी वाद घातला नाही. मुंगीचे सगळे कागद ओळीनं मांडले. पहिला फाटलेला फुगा, मग रेषेबाहेर सांडलेला मासा, मग जवळजवळ नीट रंगवलेलं घर. बाबांनी एकेका कागदावरून अंगठा फिरवला. मग मुंगीशेजारी बसले, मुलांच्या बुटक्या खुर्चीत.

त्या दिवशी रंगवायचं पान होतं कुत्र्याचं.

ते पाहताच मुंगीचा हात काखेत गेला. ओठ पांढरे पडले. "नको असेल तर पान उलट," बाई हळूच म्हणाल्या. तिनं पान उलटलं नाही. बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झडप घालून मला मुठीत घेतलं. तिची मूठ घामानं ओली होती. तिनं मला कागदावर दाबलं, आणखी दाबलं आणि कट्कन माझे दोन तुकडे झाले.

आयुष्यभर ज्याला भ्यालो, ते हेच!

"मी मुद्दाम नाही मोडला," मुंगी रडवेली झाली.

"मोडला तरी रंग तोच आहे," बाई म्हणाल्या.

आता एवढासा तुकडा मुठीत मावतो, पण मुठीत धरून रंगवता कुठे येतं? तिनं तसं करून पाहिलं, जमेना. मग तिची बोटं एकेक करून उघडली. अंगठा पुढे आला, त्याच्याजवळ एक बोट, खाली आधाराला दुसरं. चिमटीत धरून तिनं मला कुत्र्याच्या पाठीवरून फिरवलं, हळू, कुरवाळल्यासारखं. बाबांनी पिठाच्याच हातानं डोळे पुसले आणि तोंडभर पांढरे झाले.

पाठ झाली, शेपटी झाली, पाय झाले. तोंडापाशी ती थांबली. "हे नाही."

"नको तर नको," बाई म्हणाल्या.

त्याला आता महिना झाला. मुंगी आपली बटणं आपण लावते. बोळातून मात्र अजून बाबांचा हात धरूनच जाते. मी नखाएवढा उरलोय. मोठ्या माणसांनो, एक विनवणी आहे. मोडका म्हणून मला फेकू नका, आणि रंगवत बसलेल्या पोराला "आटप लवकर" म्हणू नका. ते काय करतंय, ते तुम्हाला वरून दिसत नाही.

आज मुंगीनं ते पान पुन्हा काढलं. कुत्र्याचं कोरं तोंड नुसतं पाहिलं आणि मला त्याच्यावर ठेवून म्हणाली, "उद्या."

भीती तर वाटतेच. पण तेवढ्यापुरता रंग आहे माझ्यात.