दोन सायकली, एकच तक्रार

वहिनींनी आपल्या सायकल-दुरुस्तीच्या वर्कशॉपचं दार पुरतं उघडलंही नव्हतं, तोच मागून आवाज आला, "वहिनी, मला मोठी चाकं पाहिजेत."

"बरं. पाय तेच ठेवायचे ना, भावोजी?"

भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वय त्रेचाळीस. जंगलातल्या सायकल शर्यतींमध्ये क्लबच्या, आळीपाळीने एकेक फेरी मारणाऱ्या चौघांच्या संघात ते सलग नऊ वर्षं होते, त्याच तीन मित्रांबरोबर. पण यंदा क्लबात एक दंतवैद्य आला होता, चपळ आणि उंच. कप्तानाने सरळ सांगून टाकलं होतं की शनिवारी चाचणी. फेरी एकोणीस मिनिटांच्या आत झाली तर जागा भावोजींची, नाहीतर दंतवैद्याची. भावोजींची मागची फेरी एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांची होती. हे त्यांनी हसत हसत सांगितलं खरं, पण हेल्मेटचा पट्टा ते सारखा लावत होते आणि काढत होते.

"माझी साडेसत्तावीस इंची चाकं झाडांच्या मुळांत अडकतात. पुढचा फोर्क धक्के झेलायला जेमतेम शंभर मिलिमीटर दबतो. वळणावर सायकल नाक खाली घालते, दगडावर धाडकन आदळते. मला एकोणतीसची चाकं आणि एकशेवीसचा फोर्क द्या. दंतवैद्याकडे तेच आहे."

"त्याच्याकडे सहा फूट उंचीपण आहे. ती मी ठेवत नाही."

मोठं चाक मुळांवरून सहज जातं, पण वेग घ्यायला आणि वळायला आळशी. लहान चाकाचं नेमकं उलटं. वहिनींनी एवढंच सांगितलं आणि वही उघडली. वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं, हा त्यांचा स्वभाव. दुकानात एकोणतीस इंची चाकांची एक सायकल होती, एकशेवीसच्या फोर्कची. फोर्कमध्ये हवा भरायची ती माणसाच्या वजनाप्रमाणे, म्हणून त्यांनी विचारलं, "वजन?"

"अडुसष्ट," भावोजी भिंतीवरच्या साखळ्या बघत म्हणाले. त्याच आकड्याप्रमाणे वहिनींनी दोन्ही सायकलींच्या फोर्कमध्ये हवा भरली.

गुरुवारी सहा छोट्या फेऱ्या झाल्या, एकदा ही सायकल, एकदा ती, थकलेल्या पायांचा दोष एकाच सायकलच्या माथी लागू नये म्हणून. दोन्ही सायकलींत फरक निघाला तीन सेकंदांचा. एकाच सायकलवर भावोजींच्या स्वतःच्या फेऱ्यांत फरक होता अकरा सेकंदांचा.

"म्हणजे काय समजायचं?"

"चाकं निर्दोष आहेत. शिवाय मोठ्या सायकलवर वळताना तुमच्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासत होतं. मी ऐकलं."

"पण वहिनी, नाक ह्या सायकलनेही खाली घातलं! दगडावर हीपण आदळली!"

ते मात्र खरं होतं. फोर्कच्या दांडीवर रबराची एक कडी असते. फोर्क जितका दबेल तितकी ती वर सरकते आणि तिथेच थांबते. दोन्ही सायकलींवर ती पार टोकाला जाऊन बसली होती.

दुपारभर वहिनींनी दोन्ही फोर्क खोलले. रबरी सील बदलले, तेल बदललं, एका पंपाचा काटा दुसऱ्या पंपाशी ताडून पाहिला. हवा कुठूनही गळत नव्हती. नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "जेवण इथेच आणू का, ग्रीस लावून?" दोन सायकली, दोन फोर्क, दोन पंप आणि तक्रार मात्र एकच. मग दोन्हींत सारखं असं काय होतं? वहीत एक आकडा होता, जो त्यांनी मोजला नव्हता. नुसता ऐकून लिहिला होता.

शुक्रवारी भावोजी आले तेव्हा वर्कशॉपच्या मधोमध वजनकाटा ठेवलेला होता.

"हे काय?"

"बाकी सगळं तपासून झालं. एवढंच राहिलंय."

भावोजी काट्याभोवती एक फेरी मारून आले. "अडुसष्ट होतं हो. खरंच होतं."

"कधी?"

"लग्नात."

"कुणाच्या?"

"माझ्याच." मग त्यांनी वाकून पाहिलं. "अहो, हा तर आमच्या घरचा काटा!"

"जाऊबाईंनी लगेच दिला. कशाला हवा, तेही विचारलं नाही."

"बूट काढू?"

"शर्यतीत काढणार आहात? हेल्मेट, बाटली, हत्यारांची पिशवी, सगळं घेऊन चढा."

काटा एक्क्याऐंशीवर थांबला. वहिनींनी आकडा लिहिला, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता जुन्या सायकलच्या फोर्कमध्ये त्या आकड्याप्रमाणे आणखी हवा भरली. भावोजी मागच्या रस्त्यावरच्या पायऱ्या दोनदा सायकलवर बसूनच उतरून आले. कडी टोकापासून दोन बोटं खाली थांबली होती.

"हीच न्या. नाक खाली जातं म्हणून तुम्ही प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होता. वेळ तिथे जात होता."

भावोजी पहिल्यांदाच चेष्टेविना बोलले. "खरं सांगा, होईल का? ते तिघं निघाले आणि मी काठावर उभा राहून टाळ्या वाजवतोय, हे मला नाही जमायचं."

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्यांना ते फारच कोरडं वाटलं. "मी येते उद्या."

शनिवारी सकाळी शेवटच्या चढावर भावोजी दिसले ते लालबुंद, तोंड उघडं, मान खाली. तिघे मित्र ओरडत होते, "अरे, मागून गोगलगाय येतेय, रस्ता दे तिला!" रेषा ओलांडून ते थेट गवतावर आडवे झाले.

कप्तानाने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "अठरा त्रेपन्न."

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती दंतवैद्याने. मित्रांनी भावोजींचे पाय धरून त्यांना गवतावरून ओढत नेलं. कप्तानाने यादीत चौथं नाव लिहिलं आणि वर बजावलं, "पहिली फेरी तुझी. नंतर दमतोस तू."

वहिनी जवळ गेल्या तेव्हा भावोजींना जेमतेम श्वास घेता येत होता. "वहिनी… मागचा टायर थोडा जाड असता ना… अजून चार सेकंद…"

"नाव लागलं ना?" वहिनींनी बाटली त्यांच्या हातात दिली. "मग पाणी प्या, भावोजी."