तिबो आमच्याकडे आला तो शुक्रवार

आधीच सांगते, मला कोणी गोंधळलेली बाई म्हटलेलं खपत नाही. बावीस वर्षं मी आमच्या नॉर्थ शाफ्टच्या बर्फावरच्या हॉकी संघाचं पत्रक लिहितेय. घरच्या मैदानावर सामना असला की एक कागद, मधोमध घडी. घडीच्या वर दोन्ही संघांची नावं, घडीच्या खाली माझा मजकूर, 'आज काय बघाल'. कोणाचा हात बसलाय, कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाला शिव्या घालायच्या, सगळं त्यात. पोस्टातली नोकरी संपली, नवरा गेला, पण पत्रक एकदाही चुकलं नाही.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी समोर होते ग्रँड पोर्टरचे लॉगर्स. आमच्याच गटातले, पन्नास मैलांवरचे, मेले जन्माचे वैरी. दोघांचे गुण सारखे आणि प्ले-ऑफमध्ये जागा एकच. जो जिंकेल तो पुढे, जो हरेल त्याने उन्हाळाभर मासे पकडत बसायचं. असा सामना असला की माझ्या लेखणीला धार चढते. आणि ती धार सहा वर्षं एकाच माणसावर चालली होती. चार नंबरचा रेमी तिबो.

याच तिबोने सहा वर्षांपूर्वी आमच्या मैदानावर माझ्या एइनोला धडक दिली. माझा एकुलता एक मुलगा, तेव्हा आमच्या संघात होता. जबडा दोन ठिकाणी मोडला. पंचाने साधी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. एइनो पुन्हा बर्फावर उतरला नाही, दोन तास लांबच्या गावी जाऊन ट्रकची इंजिनं दुरुस्त करायला लागला. नाताळला घरी येतो, पण मैदानाच्या दारात पाऊल ठेवत नाही. त्या धडकेनंतरच्या पत्रकात मी लिहिलं होतं, 'तिबोच्या काठीला पक लागला की सगळ्यांनी एकच शब्द म्हणायचा, जबडा.' पक म्हणजे आमची खेळायची रबरी चकती. तेव्हापासून तो दिसला की एकोणीसशे माणसं बाकांवर पाय आपटत ओरडतात, "जबडा! जबडा!" मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर शुक्रवारी साडेदहाला बाराशे कागद छापून आले. मी ते घड्या घालून खोक्यांत भरले, पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भट्टीत ठेवल्या आणि कॉफी ओतणार तेवढ्यात फोन. संघाचा व्यवस्थापक कार्ल लिंड्रूस.

"आयली, बसली आहेस का?"

"उभी आहे. बोल."

"आपल्या साविकीला वरच्या संघाने बोलावून घेतलं. आत्ता गेला, गाडीत बसला."

"आज? अरे, त्याच्यावर मी चार ओळी लिहिल्यात!"

"त्याच्या जागी एक बचावपटू घेतलाय. लॉगर्सकडूनच. आपला जादा गोलकीपर त्यांना दिला."

"समोरच्यांकडून? ज्यांच्याशी संध्याकाळी खेळायचंय त्यांच्याकडून?"

"त्यांची बस इथेच उभी आहे, तेवढंच सोयीचं. आणि तुझं तळघर रिकामं आहे ना? मोसम संपेपर्यंत त्याला ठेवून घे. गुणी माणूस आहे."

"कोण तो?"

कार्ल खोकला. कार्ल खोकला की समजायचं, काहीतरी घाण आहे. "चिडू नकोस हं. तिबो."

मी फोन आपटला. मग परत उचलून कार्लला मनात होतं ते सगळं ऐकवलं आणि पुन्हा आपटला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण आमच्याकडे खेळाडूला घर नाकारत नाहीत. बाहेर उणे बारा, हातात बॅग घेऊन आलेल्या माणसाला काय पायरीवर उभं करायचं?

दीडला तो आला. भलामोठा, नाक दोनदा मोडलेलं, दाढीत पांढरे केस. मैदानावर राक्षस वाटायचा, माझ्या दारात मात्र टोपी हातात धरून उभा.

"नमस्कार मॅडम. मी रेमी."

"ठाऊक आहे तू कोण आहेस ते. आणि मॅडम कोणाला म्हणतोस? आयली म्हण. बूट तिथे काढ, बर्फ आत आणू नकोस. खोली खाली आहे."

तो बॅग घेऊन तळघराचा जिना उतरायला लागला आणि मी मुद्दामच गप्प राहिले. आमच्या जिन्याची तिसरी पायरी ढिली आहे. नवीन माणूस तिथे हमखास धडपडतो. पडू दे मेला, म्हटलं, तेवढाच हिशोब. तो एक पायरी उतरला, दुसरी उतरला आणि तिसरीवरून सरळ चौथीवर पाय टाकला. खाली न बघता, दिवासुद्धा न लावता.

मला काही कळेना. वर येऊन तो टेबलाशी बसला. मी पास्टी समोर ठेवली, तीही जरा आपटूनच.

"तुला पायरीचं कोणी सांगितलं?"

"कुठल्या?"

"भोळेपणा करू नकोस. तिसऱ्या."

तो खाली बघत पास्टी मोडायला लागला. "एइनोने."

"कुठला एइनो?"

"तुमचाच. सकाळी फोन केला होता त्याला. म्हणाला, तिसरी पायरी सांभाळ, आणि आईकडे पास्टीवर रस्सा मागू नकोस, घराबाहेर काढेल."

ते खरं आहे, काढते. पण एइनो आणि हा फोनवर बोलतात? ज्याने आपला जबडा मोडला त्याला एइनो पायऱ्या सांगतो? मी खुर्चीवर बसलेच. बुचकळ्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रेमीला विचारलं तर तो एकच पालुपद लावून बसला, "मी नाही सांगणार. त्याला शब्द दिलाय. त्यालाच विचारा."

मग मी एइनोला फोन लावला. मागे इंजिनाचा आवाज होता.

"पोहोचला का रेमी?" हा पहिला प्रश्न. आईची चौकशी नाही, काही नाही.

"पोहोचला, खातोय. एइनो, हा काय प्रकार आहे? मला वेड लागायची पाळी आलीय."

इंजिन बंद झालं.  मग म्हणाला, "आई, तो समोरून आला होता. अगदी सरळ समोरून. मला दिसला नाही."

"म्हणजे?"

"मला दोन महिने सगळं दोन-दोन दिसत होतं. नोव्हेंबरात डोकं आपटलं होतं ना, तेव्हापासून. मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्या दिवशी मला दोन रेमी दिसले, मी चुकीच्याला चुकवलं. त्याची काही चूक नव्हती. त्यांची बस निघून गेली, पण तो रात्रभर दवाखान्यात बसून राहिला. मला तोंड उघडता येत नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं, आईला सांगू नकोस."

"मला का नको?" माझा आवाज चढला. "मी तुझी आई ना?"

"तू लिहीत होतीस ना दर शुक्रवारी, माझा एइनो वरच्या संघात जाणार म्हणून. सगळं गाव वाचत होतं. मला खेळणं थांबवायचं होतं, आई. कसं सांगणार होतो?"

 समोर रेमी माझ्याकडे न बघता टेबलावरचे कण गोळा करत होता.

"मग सहा वर्षं तू मैदानात का येत नाहीस? मला वाटलं, तुला याचं तोंड बघवत नाही."

"त्याचं तोंड नाही गं. तुमचं ओरडणं. एकोणीसशे माणसं माझा मोडलेला जबडा ओरडतात. किराणा घ्यायला गेलो तरी लोक आधी हनुवटीकडे बघतात. मी आता एवढी इंजिनं दुरुस्त करतो, दोन पोरींचा बाप आहे, पण तिथे आलो की मी नुसता जबडा."

"मला एकदा म्हणायचंस तरी."

"तुला किती आनंद व्हायचा ते लिहिताना. म्हटलं, जाऊ दे."

मी विचारलं, "आज येशील?"

"बघतो," म्हणाला. आमच्या घरात 'बघतो' म्हणजे 'नाही'. त्याच्या बापाचीही हीच सवय होती.

फोन ठेवला. सहा वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले तो माझ्या टेबलाशी पास्टी खात होता, आणि ज्याच्यासाठी दात खाल्ले त्याला मीच मैदानाबाहेर ठेवलं होतं. कोणावर चिडू? चिडायला माणूसच शिल्लक राहिला नाही, माझ्याशिवाय. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "अजून एक घे."

"घेतो," तो म्हणाला. मग खोक्यातला एक कागद उचलून वाचायला लागला. मी हिसकावायला गेले, पण त्याचा हात लांब.

"'म्हातारा झालेला रानडुक्कर, वळायला अर्धा दिवस घेतो,'" त्याने मोठ्याने वाचलं. "हे गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे. गेल्या वर्षी मी फ्रिज होतो."

"तू वाचतोस हे?"

"सगळी जपून ठेवलीत. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला वाटतं, माझं कौतुक छापून येतं."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, आणि दोन्हींचा मला भयंकर राग आला. लोणी लावायची सुरी घेतली आणि पहिला कागद घडीवर कापला. वरचा भाग एका खोक्यात, खालचा चुलीत. दुसरा कापला. तिसरा कापला. रेमीने खिशातला चाकू काढून खुर्ची पुढे ओढली.

"तू झोप जा. खेळाडूने सामन्याच्या दुपारी झोपायचं असतं."

"पडलो तरी झोप लागणार नाही," तो म्हणाला. "सकाळी न्याहारी त्यांच्याबरोबर केली, आता त्यांनाच पाडायचंय. माझंही डोकं ठिकाणावर नाही."

असे आम्ही दोघं अडीच तास बसलो, तो स्वतःलाच दिलेल्या शिव्या कापत आणि मी स्वतःचं लिखाण जाळत. वरच्या यादीत तो अजून समोरच्या संघातच होता. ते सुधारायला वेळ नव्हता.

संध्याकाळी दाराशी मी ते अर्धे कागद वाटले आणि लोकांनी माझं डोकं खाल्लं.

"आयली, खालचं कुठे गेलं?"

"उंदरांनी खाल्लं."

"आणि तिबो म्हणे आपल्याकडे आला? यादीत तर त्यांच्यात आहे!"

"आपल्याकडे आलाय. माझ्याच तळघरात आहे. चल, आत हो."

"मग आता जबडा म्हणायचं की नाही?"

त्याच्या हातात कागद कोंबून मी पुढच्याकडे वळले. खरं तर मला ठाऊकच नव्हतं. सात वाजत आले तरी एइनोचा पत्ता नव्हता. मी माझ्या नेहमीच्या जागेवर, काचेमागच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारची, एइनोसाठी धरलेली जागा सहा वर्षं रिकामीच असते, तिच्यावर मी कोट ठेवते.

आमचा संघ बर्फावर आला. शेवटी तिबो, आमच्या हिरव्या सदऱ्यात, पाठीवरचं नाव घाईत शिवलेलं, शेवटचं अक्षर खाली सरकलेलं. आणि एकोणीसशे माणसं एकदम गप्प झाली. कोणाला काही सुचेना. टाळ्या वाजवाव्यात? शिव्या घालाव्यात? सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि काहीजण वळून माझ्याकडे.

सरावात एक पक घरंगळत त्याच्या काठीला लागला. वरून कुठूनतरी एक आवाज आला, "जबडा!" सवयीने आला असेल किंवा गंमत म्हणून. मग दुसरा आला, मग दहा, मग बाकांवर पाय आपटायला लागले. मी वळून वर बघितलं तर जिन्याच्या तोंडाशी एइनो उभा होता. कामाच्याच कपड्यांत, हातात अर्धा कागद. त्याचा हात हनुवटीवर गेला होता. आणि त्याने वळायला एक पाऊल मागे घेतलंसुद्धा.

मग मी काय केलं ते लोक अजून मला ऐकवतात. सहासष्ट वर्षांची बाई, बाकावर चढले.

"गप्प बसा रे सगळे!" मी ओरडले. पोस्टात तीस वर्षं खिडकीवर बसले आहे, माझा आवाज पोहोचतो. "बंद करा ते! मीच लावलं होतं ते खूळ, मीच सांगते, बंद! त्या माणसाला नाव आहे, रेमी! आणि माझ्या मुलालाही नाव आहे! एइनो! एइनो हारयू! तो तिथे उभा आहे, बघायचंय तर त्याच्या डोळ्यांत बघा!"

आधी जवळचे थांबले, मग वरचे. कार्लने खालून माझा हात धरला होता. रेमी बर्फावर जागच्या जागी थांबून वर बघत होता. त्याने काठीने बर्फावर दोनदा ठोकलं. आमच्याकडे खेळाडू खेळाडूला असाच नमस्कार करतो. मग वरच्या रांगेतल्या कोणीतरी हाक मारली, "काय रे एइनो, कसा आहेस?" अगदी साधी हाक, बाजारात मारतात तशी.

"बरा आहे," एइनो म्हणाला. आणि पायऱ्या उतरायला लागला.

पंच मधोमध येऊन उभा राहिला. समोरच्यांच्या बाकावर राखीव गोलकीपर म्हणून आमचाच पोरगा बसलेला, आमच्यात त्यांचा तिबो, माझ्या हातात अर्धा कागद. जिंकणार कोण, हरणार कोण, बावीस वर्षांत पहिल्यांदा मला काही म्हणजे काही सांगता आलं नसतं. एइनो आमच्या रांगेपाशी आला, शेजारच्या जागेवरचा माझा कोट उचलून त्याने माझ्या मांडीवर टाकला.

"सरक जरा," म्हणाला.

मी सरकले.