दाराशी बसवलेली पेटी

सख्ख्या जावांचं आपसात पटतं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, आणि त्या दोघींनी मिळून मोटारहोम घेतली म्हटलं तर त्या खालीच येत नाहीत. पण झालं होतं खरं. थोरलीनं सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली होती. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून राहून विटली होती. थोरली निवृत्त झाली, धाकटीनं दुकान भाचीवर सोपवलं, आणि एका रविवारी दोघी जाऊन जुनी पण धडधाकट मोटारहोम घेऊन आल्या. आत दोन बिछाने, बोटभर स्वयंपाकघर, फ्रिज आणि एक खिडकी, जिच्यावर थोरलीनं पहिल्याच दिवशी हक्क सांगितला.

पहिल्या सफरीचा मात्र बोऱ्या वाजला. गाड्या मुक्कामाला थांबतात अशा एका तळावर त्यांनी खांबाला केबल जोडली, ताटं वाढून घेतली, आणि डोक्यावरचा दिवा एकदम पांढराफटक झाला. फ्रिजनं एक आचका दिला आणि मान टाकली. चार्जरमधून जळका वास आला. दुसऱ्या दिवशी नासलेलं दूध आणि पडलेली तोंडं घेऊन दोघी परत आल्या.

थोरलीचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, दारातच उभे होते. "घर ते घर आणि चाकं ती चाकं," ते म्हणाले. "दोन्हींचं लग्न लावलं की असंच व्हायचं." धाकटीच्या नवऱ्यानं हसू दाबण्यासाठी चहाचा कप तोंडाला लावला, आणि कप रिकामा होता हे धाकटीनं पाहिलं.

तेव्हापासून ती इरेला पेटली. तिचा चुलतभाऊ वायरमन होता. सगळे त्याला तात्या म्हणत. तिनं त्याला गाठलं आणि सगळी कहाणी सांगितली.

"बाहेरच्या खांबात कसला करंट येईल, ते तुझ्या हातात नाही," तात्या म्हणाला. "पण त्यातला आत कुठला घ्यायचा, हे बघणारा कुणीतरी दाराशी बसवता येतो. पेटी मिळते तशी. व्होल्टेजचा एकदम झटका आला तर ती स्वतःच्या अंगावर घेते. आणि व्होल्टेज वाजवीपेक्षा चढलं किंवा पडलं, की सरळ दार लावून घेते. ये घेऊन, मी बसवून देतो."

"तू बसवलीस तर तुला कळेल आत काय आहे. मला काय कळणार?" धाकटी म्हणाली. "मी बसवते. तू शेजारी बस आणि चुकले की ओरड."

तात्याला ओरडायला आवडायचं. तो तयार झाला.

पेटी आली त्या दिवशी धाकटीला सकाळपासून जेवण गोड लागेना. अंगणात गाडी उभी करून तिनं आधी बाहेरची केबल काढली, मग बॅटरीचा स्विच बंद केला, आणि तात्यानं सांगायच्या आधीच मीटर लावून तारांत जीव नाही ना, ते पाहिलं. तात्याचा ओरडण्यासाठी उघडलेला जबडा तसाच मिटला.

योजना सोपी होती. गाडीच्या कुशीला जिथे बाहेरची केबल जोडतात, तिथून आत एक जाड वायर निघते आणि फ्यूजबोर्डाकडे जाते. ती मध्येच कापायची आणि दोन टोकांच्या मध्ये पेटी बसवायची. धाकटी अंगानं काटकुळी, म्हणून बिछान्याखालच्या पोकळीत तीच शिरली. आत जाऊन बघते तर काय, पेटीसाठी ठरवलेल्या जागेवरून पाण्याचा पाइप गेलेला, आणि त्याच्या सांध्याला चक्क घाम फुटलेला.

"इथे नाही जमायचं," आतून आवाज आला. "कोरडी जागा हवी."

"मग?" थोरलीनं वाकून विचारलं.

धाकटी उलटी सरकत बाहेर आली. तिच्या केसांत कोळ्याची जाळी होती. तिनं शेजारच्या छोट्या कपाटाकडे पाहिलं. थोरलीनंही पाहिलं. त्या कपाटात थोरलीचे रंग होते. ट्यूबा, ब्रश, तेलाच्या बाटल्या, सगळं तिनं स्वतः कापडी खण शिवून लावलं होतं. बस चालवताना आरशातून दिसलेली डोंगरांची रांग कधीतरी कागदावर उतरवायची, हे ती कितीतरी वर्षं घोकत होती.

"तेलाच्या बाटल्या आणि ही पेटी एका कपाटात नाही ठेवता येणार, ताई."

थोरलीनं एकेक खण सोडवायला घेतला. "बिछान्याखाली ठेवते. रंगांना ओलीचं वावडं नाही, आणि मला वाकायची सवय लागेल. चल, लाव लवकर, मला आता धीर निघत नाहीये."

मग कामाला जो वेग आला तो विचारू नका. थोरली हत्यारं पुढे करत होती, तीही मागायच्या आधी, आणि बहुतेकदा चुकीची. धाकटीनं वायर कापली, सालं काढली, उघड्या तारांच्या टोकांवर टोप्या बसवून त्या पक्कडीनं आवळल्या. फेजचा स्क्रू कसला, न्यूट्रलचा कसला, मग अर्थिंगची हिरवी तार.

"ओढून बघ," तात्या म्हणाला.

तिनं ओढली. न्यूट्रलची तार अलगद हातात आली.

"आता ओरडू का?" तात्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि लाल होऊन पुन्हा कसायला लागली. या वेळी तिनं सगळ्याच तारांना लोंबकळावं तशी ओढ दिली. एकही हलली नाही. वायरला पट्ट्या मारल्या, पेटी कपाटाच्या पाठीला चार स्क्रूंनी घट्ट केली, आणि तिचा छोटासा डोळा, म्हणजे व्होल्टेजचा आकडा दाखवणारी काच, शेगडीच्या वर लावली.

तात्यानं सगळं पुन्हा मीटरनं तपासलं. मग घरातून केबल ओढून जोडली.

काहीच झालं नाही.

भाऊजी व्हरांड्यातून बघत होते. त्यांनी घसा साफ केला, पण तात्यानं हात वर केला. "थांबा. ती लगेच दार उघडत नाही. आधी पाहुणा कोण आहे ते बघते."

तिघंही श्वास रोखून काचेकडे बघत राहिले. आकडे लुकलुकत होते. आणि मग कपाटातून 'खट्' असा भरदार आवाज आला, हिरवा दिवा लागला, नवा फ्रिज गुणगुणायला लागला. थोरलीनं धाकटीला मिठीत घेऊन त्या बोटभर जागेत गिरकी मारली, त्यात तिचं कोपर कपाटावर आपटलं, आणि तरीही ती हसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी निघाल्या.

कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. डोंगरांच्या दिशेनं जायचं, एवढंच. दुपार कलता कलता त्या एका तळ्याकाठच्या तळावर पोहोचल्या, तर तिथे पाय ठेवायला जागा नाही. पलीकडच्या माळावर माणसं नेणाऱ्या गरम हवेच्या फुग्यांचा मेळा होता आणि त्यासाठी गाड्यांच्या रांगाच रांगा लागलेल्या. त्यांना मधल्या रांगेत शेवटची जागा मिळाली. शेजारच्या गाडीपुढे एक आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांच्या नाकाला नळी होती, आणि ती नळी पायाशी घरघरणाऱ्या प्राणवायूच्या यंत्राला जोडलेली होती. त्यांची मुलगी मेळ्यात फुगा उडवायची. ती माळावर गेली होती.

"माझी फुगेवाली येईलच," आजोबा म्हणाले. "तुम्ही येता का उद्या बघायला?"

"बघायलाच तर आलोय," थोरली म्हणाली. तिला फुग्यांची खबर लागून जेमतेम घटकाभर झाली होती.

दिवेलागणीला सगळ्या गाड्यांमधून एकदम शेगड्या, हीटर, चहाच्या किटल्या सुरू झाल्या. धाकटी कांदा चिरत होती. कपाटातून 'खट्' झालं आणि हिरव्याचा लाल दिवा झाला.

थोरली खिडकीपासून वळली. "काय झालं गं? काही उलटंसुलटं जोडलं नाहीस ना?"

हातात निघून आलेली न्यूट्रलची तार धाकटीच्या डोळ्यांपुढे आली. तिनं काचेकडे पाहिलं. दोनशे तीसच्या आसपास असायला हवा तो आकडा दोनशे नव्वदवर होता आणि चढत होता. तिनं कपाट उघडून पाहिलं. तारा जागच्या जागी होत्या. चूक आतली नव्हती. पेटी सांगत होती की बाहेर काहीतरी बिनसलंय.

ती दारात आली आणि तिथेच थिजली. त्यांच्या रांगेतले दिवे भगभगीत पांढरे झाले होते. मागच्या रांगेतले मात्र विझत चाललेल्या निखाऱ्यासारखे लालसर दिसत होते. तात्यानं सांगितलेलं तिला आठवलं. तीन रांगा, तीन फेज आणि सगळ्यांचा मिळून एक न्यूट्रल. तो तुटला की व्होल्टेजला धरबंध राहत नाही. एकीकडे उतू जातं, दुसरीकडे आटतं.

"ताई, न्यूट्रल गेलाय. आपला नाही, अख्ख्या तळाचा. भोंगा वाजव."

थोरलीनं का म्हणून विचारलं नाही. ती चालकाच्या जागेवर बसली आणि तिनं भोंग्यावर जो हात ठेवला तो उचललाच नाही. धाकटी तोवर आजोबांपाशी पोहोचली होती. यंत्राची घरघर वेगळीच, चिरकी झाली होती. तिनं त्यांच्या गाडीतला मेन पाडला आणि यंत्राची वायर ओढून घेतली. आजोबांच्या डोळ्यांत भीती दिसली.

"आमची बॅटरी भरलेली आहे," ती म्हणाली. "खांबाशी तिचा काही संबंध नाही. हे बघा, लावलंच." तिनं वायर आपल्या गाडीतल्या इन्व्हर्टरला जोडली. यंत्र एकदा खोकलं आणि मग संथ, ओळखीच्या सुरात चालू लागलं. आजोबांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. धाकटीनं जाता जाता फ्रिज बंद केला, बॅटरी पुरावी म्हणून, आणि ती धावली.

भोंग्यामुळे लोक दारांत आलेच होते. थोरली खाली उतरली आणि तिनं दंगा करणाऱ्या बसभर पोरांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला. "आधी आतला मेन बंद करा, मग प्लग काढा. प्रश्न नंतर विचारा." एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं धाकटी, अशा दोघी रांगा पालथ्या घालू लागल्या. बरेचसे ऐकत होते. एक गृहस्थ मात्र कॉफीचं यंत्र पोटाशी धरून म्हणाले, "पण माझ्याकडे तर छान उजेड आहे."

"तोच तर रोग आहे," धाकटी म्हणाली, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा दिवा फट्कन फुटला. गृहस्थ मेनकडे असे पळाले की कॉफी पायजम्यावर.

तळाच्या कचेरीतली बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावत आली. धाकटीनं तिला दोन वाक्यांत काय ते सांगितलं, आणि तिनं मुख्य पॅनेलचं हँडल खाली ओढलं. सगळा तळ अंधारला. तळ्यातल्या बेडकांचा आवाज एकदम मोठा झाला.

तळाच्या वायरमनला पॅनेलमागे जळून कोळसा झालेला न्यूट्रलचा जोड सापडला. एवढ्या गाड्यांचा भार त्याला पेलला नव्हता. दोन टीव्ही आणि एक हीटर गेला, बाकी सगळं वाचलं. जोड नवा होऊन वीज आली, तेव्हा धाकटीच्या पेटीनं नेहमीसारखा आढेवेढे घेत वेळ काढला, आणि मग हिरवा दिवा लावला. आसपास जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक जण पेटी बघायला आत डोकावू लागला आणि थोरली प्रत्येकाला "आमच्या हिनं स्वतः बसवली" असं सांगत कपाटाचं दार उघडून दाखवत राहिली.

फुगेवाली माळावरून धापा टाकत आली होती. वडिलांना शांत बसलेलं बघून ती त्यांच्या पायाशीच खाली बसली. बराच वेळ ती नुसती यंत्राचा आवाज ऐकत होती. मग तिनं धाकटीकडे पाहिलं. "उद्या सकाळी माझ्या टोपलीत दोघींची जागा होते. नाही म्हणायचं नाही."

थोरली नाही म्हणणारच होती. इतकी वर्षं बस चालवली, पण गच्चीच्या कठड्याशी उभं राहायचं म्हटलं की ती दोन पावलं मागे सरायची. धाकटीनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही, थेट टोपलीत चढेपर्यंत.

वर ज्वाळा भडकली, दोर ताणले गेले आणि जमीन हिसका न देता, न हादरता सुटून गेली. आधी माणसं बाहुल्यांएवढी झाली, मग गाड्या काडेपेट्यांएवढ्या. थोरलीनं डोळे गच्च मिटले होते.

"उघड ना ताई."

"किती वर आलोय?"

"ते नको विचारू. नुसती बघ."

थोरलीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. तळं पितळी ताटासारखं पडलं होतं. त्याच्या पलीकडे एकामागून एक, निळ्याच्या कितीतरी छटांनी डोंगर उठत गेले होते, आणि फुगा तिकडेच चालला होता. थोरलीनं धाकटीच्या दंडाला इतका करकचून चिमटा घेतला की धाकटी कळवळली.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. नवरा होता. मागून भाऊजी त्याला काहीतरी विचारायला सांगत होते.

"काय गं, कुठवर पोहोचलात?" त्यानं विचारलं. "सगळं ठीक ना?"

धाकटीनं खाली पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि तिला इतकं हसू आलं की तिला धड बोलताच येईना.

"आत्ता उतरता नाही येणार," ती म्हणाली. "नंतर करते फोन."